विश्लेषण : ‘रॅम्बल’, ‘सॉन्टर’, ‘रॉम्प’... शब्दांच्या व्याख्या लिहिणारे डॉ. जॉन्सन रात्रभर का भटकायचे?

उगाच भटकण्यासाठी इंग्रजीत शब्दांची कमी नाही. रॅम्बल, सॉन्टर, रोव्ह, स्ट्रोल... दंगामस्तीचेही तसेच : रॉम्प, फ्रिस्क, फ्रॉलिक. १८व्या शतकात या शब्दांचे अर्थ कोशात नोंदवणारे डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी भटकंती आणि दंगा दोन्ही भरपूर केले. भटकंती मात्र बऱ्याचदा हौसेची नव्हती.

भटकंती सुरू कशी झाली?

१८ सप्टेंबर १७०९ रोजी इंग्लंडमधील लिचफिल्ड येथे एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी जॉन्सन यांचा जन्म झाला. लहानपणीच गंडमाळेच्या आजाराने गाठले, नजर अधू झाली. १७२८ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले, पण पैशांअभावी सुमारे वर्षभरातच शिक्षण सोडून परतावे लागले. त्यानंतर आलेल्या खोल नैराश्याला आज आपण डिप्रेशन म्हणू. त्यावर त्यांनी स्वतःच उपाय शोधला. लिचफिल्डहून बर्मिंगहॅमपर्यंत पायी जायचे आणि पायीच परतायचे. हे अंतर जवळपास ५० किलोमीटर भरते.

१७३५ मध्ये त्यांनी वयाने २० वर्षांनी मोठ्या असलेल्या विधवा एलिझाबेथ पोर्टर यांच्याशी विवाह केला. नंतर काढलेली शाळा चालली नाही. १७३७ मध्ये ते लंडनला आले. सोबत होता त्यांचा विद्यार्थी डेव्हिड गॅरिक, जो पुढे इंग्लंडचा सर्वांत गाजलेला नट झाला. जॉन्सन यांच्या वाट्याला मात्र मासिकांसाठी मिळेल ते लिहिण्याचे काम आले. याच काळात कवी रिचर्ड सॅव्हेज यांच्याशी मैत्री जमली. खोलीच्या भाड्यालाही पैसे नसल्याने दोघे कित्येक रात्री सेंट जेम्स चौकाला फेऱ्या मारत आणि सरकारवर तावातावाने बोलत. सॅव्हेज १७४३ मध्ये ब्रिस्टलच्या तुरुंगात वारले. पुढच्याच वर्षी जॉन्सन यांनी त्यांचे चरित्र लिहिले.

‘रॅम्बलर’ हे नाव कुठून आले?

२० मार्च १७५० पासून जॉन्सन यांनी आठवड्यातून दोनदा निघणारे निबंधपत्र सुरू केले. नाव सुचेपर्यंत झोपायचे नाही, असे ठरवून ते रात्री पलंगावर बसले आणि ‘द रॅम्बलर’वर थांबले. रॅम्बलर म्हणजे दिशा न ठरवता हिंडणारा. आतले निबंध मात्र बहुतांशी गंभीर, नीतीवर बोलणारे. इटालियन भाषांतरात या नावाचे चक्क ‘भटक्या’ झाले, ही गंमत त्यांचे चरित्रकार जेम्स बॉसवेल यांनी नोंदवली आहे. २०८ अंकांनंतर मार्च १७५२ मध्ये हे पत्र बंद झाले आणि काही दिवसांतच एलिझाबेथ यांचे निधन झाले. या धक्क्यातून जॉन्सन पूर्णपणे कधीच सावरले नाहीत.

कोशात काय लिहिले?

लंडनच्या गॉफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर सहा मदतनिसांसह कोशाचे काम तेव्हा सुरूच होते. प्रकाशकांशी करार झाला १७४६ मध्ये, रक्कम १,५७५ पौंड. मदतनिसांचा पगारही त्यातूनच द्यायचा होता. तीन वर्षांत होईल म्हटलेले काम १५ एप्रिल १७५५ रोजी प्रसिद्ध झाले. त्यात ४२ हजारांहून अधिक शब्द होते.

‘सॉन्टर’ या शब्दाचे मूळ त्यांनी फ्रेंचमध्ये शोधले. पवित्र भूमीच्या यात्रेला निघालो आहोत, असे सांगत भीक मागत हिंडणारे लोक किंवा ज्यांना स्वतःची जमीनच नाही असे लोक, अशा दोन शक्यता त्यांनी दिल्या. आजचे अभ्यासक ही व्युत्पत्ती मानत नाहीत, तरी ती अजून सांगितली जाते. ‘रॉम्प’चा अर्थ देताना त्यांनी दांडगट, आडदांड, वळण नसलेली मुलगी असे म्हटले. मुलग्यांना यातून सूट का, हे कोश सांगत नाही!

पण दंगा कधी केला?

एकदा पहाटे तीनच्या सुमारास टोफम बोक्लर्क आणि बेनेट लँग्टन हे वयाने जवळपास ३० वर्षांनी लहान मित्र त्यांच्या दारावर धडकले. चोर समजून जॉन्सन विस्तव ढोसायची सळई घेऊन नुसत्या सदऱ्यावर बाहेर आले. मित्रांना ओळखताच त्यांच्याबरोबर ‘फ्रिस्क’ला, म्हणजे हुंदडायला, तयार झाले. तिघे कॉव्हेंट गार्डनच्या बाजारात पोहोचले. तिथे जॉन्सन भाजीवाल्यांच्या टोपल्या उतरवायला मदत करू लागले आणि भाजीवाले या अवाढव्य गृहस्थाकडे पाहतच राहिले. मग दारूचा गुत्ता आणि थेम्समधून नावेची फेरी. पुढे लँग्टन यांच्या गावी गेले असताना पन्नाशी उलटलेल्या जॉन्सन यांनी खिशातील किल्ल्या, पाकीट काढून ठेवले आणि टेकडीवरून गडगडत खाली आले. एकांत आणि रात्र यांची मात्र त्यांना भीती वाटे. झोपायला जाणे ते होईल तितके लांबवत.

मराठीशी काय नाते?

१७५९ मध्ये आईच्या अंत्यविधीचा खर्च भागवण्यासाठी जॉन्सन यांनी आठवडाभरात ‘रासेलस’ ही कथा लिहिली. १७६२ पासून सरकारकडून वर्षाला ३०० पौंडांचे वेतन मिळू लागले, तेव्हा कुठे पैशांची चिंता मिटली. १३ डिसेंबर १७८४ रोजी त्यांचे निधन झाले.

‘रासेलस’चे मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी सुरू केले आणि त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी पूर्ण केले. विष्णुशास्त्रींनी ‘निबंधमाले’त जॉन्सन यांच्यावरही लिहिले. कथेतला राजपुत्र सर्व सुखे असलेले खोरे सोडतो, कसे जगावे याचा शोध घेत हिंडतो आणि पक्के उत्तर न मिळताच परत फिरतो.