शिक्षक सुभेदार : रामजी मालोजी सकपाळ

दरवर्षी ७ नोव्हेंबर रोजी आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो. सन १९०० मध्ये याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. शाळेच्या रजिस्टरात त्या नोंदीचा क्रमांक १९१४ आहे. त्या दिवशी आम्ही बाळ भीमरावांच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण करतो, भाषणे करतो. मात्र त्या नोंदीतील मधल्या नावाकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. इतिहासाचे शिक्षक म्हणून ही उणीव आम्हाला सतत जाणवत आली आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने ती अंशतः भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न.

रामजी मालोजी सकपाळ यांचा जन्म इ. स. १८४८ च्या सुमारास झाला. त्यांचे मूळ गाव कोकणातील आंबडवे. आज ते रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात आहे. वडील मालोजी हे लष्करात नोकरीस होते. गावात महाराच्या वाट्याला गावकीची कामे, वतनाचा तुकडा आणि शिवेबाहेरची वस्ती याखेरीज काहीही नव्हते. अशा काळात मुंबई इलाख्याच्या फौजेने या समाजातील तरुणांना गणवेश दिला, नियमित पगार दिला आणि हुद्द्यावर चढण्याची संधी दिली. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगाव येथे लढलेले महार सैनिक याच फौजेचे होते. रामजींचा विवाह ज्या मुरबाडकर घराण्यात झाला तेही लष्करी पेशाचे होते. त्यांच्या पत्नी भीमाबाई सुभेदार मेजरच्या कन्या होत्या.

फौजेने आणखी एक गोष्ट दिली आणि आमच्या मते तीच सर्वांत मोलाची होती. ती म्हणजे शिक्षण. सैनिकांनी व त्यांच्या मुलामुलींनी शिकलेच पाहिजे असा दंडक तेथे होता आणि त्यासाठी लष्कराच्या स्वतःच्या शाळा होत्या. गावच्या शाळेच्या ओसरीवरही ज्यांना उभे राहू दिले जात नव्हते, त्यांची मुले छावणीत पाटी घेऊन बसत होती. रामजींनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमधून शिक्षकाची पदविका मिळवली. पुढे ते लष्करी शाळेत शिक्षक झाले, मुख्याध्यापक झाले आणि सुमारे चौदा वर्षे त्यांनी ते पद सांभाळले. सुभेदार हा त्यांचा हुद्दा सर्वांना परिचित आहे. पण त्यांच्या सेवेचा मोठा काळ शाळेच्या वर्गात गेला, हे आम्ही शिक्षकांनी तरी विसरता कामा नये. त्यांची पलटण मध्य भारतातील महू येथे असताना १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे चौदावे अपत्य जन्मास आले. तेच पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाले.

रामजींच्या सेवेची अखेरची वर्षे जवळ आली असतानाच या समाजावर एक आघात झाला. १८९२ साली महारांची लष्करातील भरती बंद करण्यात आली. काही जाती लढवय्या आणि काही नव्हेत, असा सिद्धान्त इंग्रज अधिकाऱ्यांनी त्या काळात उचलून धरला होता. ज्यांच्या तीन-तीन पिढ्या पलटणीत गेल्या, त्यांना त्या सिद्धान्ताने एका हुकमासरशी बाहेर ठेवले. यात केवळ नोकऱ्या गेल्या नाहीत. भरतीबरोबर छावणीतील शाळाही गेली. या अन्यायाविरुद्ध पहिला आवाज उठवला तो निवृत्त सैनिकांनीच. दापोलीत राहणारे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी आपल्या मंडळीच्या वतीने सरकारकडे दाद मागितली. रामजींनीही स्वस्थ न बसता न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची भेट घेऊन अर्जाच्या कामी त्यांचे साहाय्य मिळवले, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. सरकारने हुकूम मागे घेतला नाही.

निवृत्तीनंतर रामजी कुटुंबासह दापोलीस आले. तेथे अनेक लष्करी निवृत्तिवेतनधारक वस्ती करून होते. परंतु मोठे कुटुंब आणि मुलांचे शिक्षण यांचा मेळ निवृत्तिवेतनात बसणे अवघड होते. त्यांनी पुन्हा नोकरी शोधली आणि सातारा येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपरचे काम पत्करले. चौदा वर्षे मुख्याध्यापक राहिलेल्या माणसाने सामानाची मोजदाद आणि नोंदवह्या हाती घेतल्या. त्यात त्यांनी कमीपणा मानल्याचे कोठे दिसत नाही.

साताऱ्यात आल्यावर थोड्याच काळात, १८९६ साली, भीमाबाईंचे निधन झाले. भीमराव तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते. भीमाबाईंची समाधी साताऱ्यातच आहे. चौदा अपत्यांपैकी बळराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि भीमराव ही पाचच पुढे राहिली. रामजींची बहीण मीराबाई घरात होती. ती अत्यंत मायाळू, पण शरीराने अधू. पुढे रामजींनी दुसरा विवाह केला. आईच्या जागी आलेली दुसरी स्त्री छोट्या भीमाच्या मनाला मानवली नाही. मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशा गोष्टी टाळण्याची प्रथा आहे. आम्ही ती पाळत नाही, कारण आमच्या वसतिगृहातील कित्येक मुले हेच दुःख मुकाट्याने सोसत असतात.

१८९९-१९०० च्या महादुष्काळाने दख्खनचा प्रदेश होरपळून निघाला. आज सांगली जिल्ह्यात मोडणारे वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होते. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे त्या दुष्काळाची कहाणी ही आपल्या दोन्ही जिल्ह्यांची कहाणी आहे. भुकेल्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे तलाव खोदण्याचे काम काढले. त्या कामावर रामजींची रोखपाल म्हणून नेमणूक झाली. पैशाची जबाबदारी असल्याने त्यांना ठाणे सोडून साताऱ्यास येता येत नसे.

इकडे साताऱ्याच्या घरात भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि दिवंगत बहिणीचे दोन मुलगे अशी चार मुले आत्याच्या सोबतीने राहत होती. आत्याला चूल सांभाळणे झेपत नसे. तेव्हा शाळा करून मुलेच स्वयंपाक करीत. भाकरी-चपाती जमत नसल्याने तांदूळ व मटण एकत्र शिजवून पुलाव करावा आणि तोच खावा, असा त्यांचा क्रम होता. वडील दूर कामावर, मुले शिक्षणासाठी एकटी, हे चित्र आम्हाला अपरिचित नाही. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांतून येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांचे आईवडील हंगाम सुरू होताच ऊसतोडीला जातात, तेव्हा आम्हाला साताऱ्यातील ते घर आठवते. फरक इतकाच की आज अशा मुलांसाठी निवासी शाळा आहे. भीमरावांसाठी ती नव्हती.

१९०१ च्या उन्हाळ्यात वडिलांनी मुलांना सुटीसाठी गोरेगावी बोलावले. मुलांनी नवे कपडे शिवले, जरीच्या टोप्या घेतल्या, पाडळी स्थानकावर गाडीत बसली आणि मसूरला उतरली. न्यायला कोणीच आले नव्हते. मुले महाराची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर एकजण राजी झाला, तोही मुलांनीच गाडी हाकावी व आपण शेजारून चालावे या अटीवर. रात्र टोलनाक्याजवळ पिण्याच्या पाण्याविना काढून मुले दुसऱ्या दिवशी गोरेगावी पोहोचली. वडिलांना त्यांच्या येण्याची वार्ताच नव्हती. मुलांचे पत्र नोकराच्या हाती पडले होते आणि ते द्यावयाचे तो विसरला होता. बाबासाहेबांच्या जीवनातील हा प्रसंग आपण नेहमी मुलाच्या बाजूने सांगतो. आम्हाला मात्र राहून राहून त्या पित्याचा विचार येतो. सरकारची रोकड ज्याच्या हाती विश्वासाने सोपवली होती, त्याच्या मुलांना त्याच सरकारच्या रस्त्यावर कोणी घोटभर पाणी दिले नाही.

रामजी कबीरपंथी व निर्व्यसनी होते आणि शिस्तीचे अतिशय कडक होते. घरात रोज भजन व ग्रंथवाचन होई. महाभारत-रामायणाचे वाचन मुलांना सक्तीचे होते. द्रोण, कर्ण, वाल्मीकी ही साध्या स्थितीतून वर आलेली माणसे मुलांपुढे असावीत आणि त्यांच्या मनातील न्यूनगंड जावा, हा त्यांचा हेतू होता. वडिलांचा हा युक्तिवाद बाबासाहेबांना पटला नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. पुढे त्यांनी त्या ग्रंथांची परखड चिकित्सा केली. परंतु वाचण्याची आणि प्रश्न विचारण्याची सवय त्याच घरात लागली. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला रामजींनी मुलाकडून स्वतः घोटून घेतली.

गोरेगावचे काम संपले आणि १९०४ साली कुटुंब मुंबईस गेले. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सगळा संसार होता. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. पुस्तकासाठी पैसे नसले की रामजी विवाहित मुलीकडे जात. तिच्याकडेही रोख नसली तर तिचा एखादा दागिना मागून घेत, सावकाराकडे गहाण टाकत आणि निवृत्तिवेतन हाती येताच सोडवून परत देत. खोलीत अभ्यासाला शांतता नसे. म्हणून मुलाला लवकर निजवून ते स्वतः जागत, रात्री दोन वाजता त्याला उठवीत आणि मग आपण पाठ टेकीत.

मुलाचे कौतुक करण्यात मात्र ते सावध असत. भीमरावांच्या परीक्षेतील यशाबद्दल समाजबांधवांनी सभा भरवावयाचे ठरवले, तेव्हा मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून त्यांनी प्रथम नकार दिला. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी समजूत घातल्यावरच ते तयार झाले. त्या प्रसंगी केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. पुढे नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत गेलेल्या वाटेचा आरंभ त्या पुस्तकाशी झाला आणि त्या सभेला संमती देणारे रामजीबाबाच होते.

भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले आणि १९१२ साली पदवीधर. १९१३ च्या आरंभी ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू होत असतानाच वडील आजारी असल्याची तार आली. परतीच्या प्रवासात वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरतेस उतरले आणि गाडी चुकली. घरी पोहोचले तेव्हा अखेरचे काही क्षणच उरले होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबांची प्राणज्योत मालवली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांचा मुलगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

लष्कराचा बंद झालेला दरवाजा रामजींना उघडता आला नाही. १९४१ साली, बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असताना, महार रेजिमेंट बेळगाव येथे उभी राहिली. रामजींच्या निधनाला तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती. परंतु दरवाजा बंद होण्यापूर्वी त्यातून जे मिळाले ते त्यांनी बाहेर आणले, आणि स्टोअरकीपरच्या व रोखपालाच्या नोकरीवर, गहाण दागिन्यांवर, जागून काढलेल्या रात्रींवर ते जतन केले. १९२३ साली बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या शिक्षणासाठी त्याग करणाऱ्या आईवडिलांच्या स्मृतीस त्यांनी तो अर्पण केला. दुष्काळी कामावरील रोकड चोख सांभाळणाऱ्या रोखपालाला एका अर्थशास्त्रज्ञ पुत्राने वाहिलेली ही आदरांजली आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनी येत्या ७ नोव्हेंबरला त्या नोंदीतील तिन्ही शब्द वाचावेत, एवढीच अपेक्षा. शिक्षक सुभेदारांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन. जय भीम.