थिओडोर कुकसाहेब

थिओडोर कुक हे नाव आपल्या घरांतून फारसे ऐकू येत नाही. पण वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना ते चांगले परिचयाचे आहे. माझी पुतणी बी.एस्सी. झाली. तिला विचारून विचारून मी हे चार शब्द लिहीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा सांभाळून घ्यावे.

कुकसाहेबांचा जन्म १८३६ साली आयर्लंडमधील ट्रॅमोर येथे झाला. १८६० साली ते इकडे आले ते रेल्वेचे इंजिनिअर म्हणून. वसईच्या लोखंडी पुलाचे काम त्यांनी केले. १८६५ पासून १८९३ पर्यंत ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. पूल बांधणारा माणूस झाडापाल्याकडे वळावा याचे मला फार नवल वाटते. १८९१ साली पश्चिम हिंदुस्थानच्या वनस्पती-पाहणीचे काम सरकारने त्यांच्याकडे दिले.

पेन्शन घेतल्यावर स्वस्थ न बसता ते लंडनजवळच्या क्यू येथील बागेत जाऊन काम करू लागले आणि मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. सिंध-गुजरातपासून कोकण-कारवारपर्यंतच्या वनस्पती त्यात आहेत. त्याचे भाग १९०१ पासून १९०८ पर्यंत निघाले. १९१० साली ते वारले.

अशा ग्रंथाचा आपल्याला काय उपयोग, असे कोणी म्हणेल. कुड्याचेच पाहा ना! आंबेनळीच्या रानात कुडा म्हटले की सगळ्याजणी माना डोलावतील. पण कुडे दोन. आवेवर ज्याची साल देतात तो पांढरा कुडा; त्याचे बी कडू, तोच इंद्रजव. दुसरा काळा कुडा. दोहोंनाही चीक, दोहोंनाही जोडशेंगा, पण याचे बी कडू नाही. पांढऱ्याच्या म्हणून काळ्याची साल बाजारात खपते, आणि घरात आजारी पोर असते! शास्त्रात या दोघांची कुळी एकच, पण घराणी निराळी: पांढरा होलारेना, काळा राइटिया. काळ्याच्या दोन शेंगा टोकाशी जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. कुकसाहेबांच्या ग्रंथात अशा खुणा एकेक ताडून झाडाच्या नावापर्यंत पोचता येते. पुष्कळ ठिकाणी आपली मराठी नावेही दिली आहेत. चित्र मात्र एकही नाही. इंग्रजी न येणाऱ्या माझ्यासारखीची तेथे मोठी पंचाईत!

साहेबांना रानातून नमुने आणून देणारी माणसे आपल्यातलीच होती. त्यांपैकी कानिटकर आणि भिवा ही नावे ग्रंथात आली आहेत. भिवाचे आडनावसुद्धा लिहिलेले नाही.

सरकारच्या वनस्पती-सर्वेक्षण खात्याने १९५८ साली हा ग्रंथ तीन भागांत पुन्हा छापला. पुण्यास त्याच खात्याच्या संग्रहात भिवाने आणलेल्या वनस्पती कागदावर चिकटवून अजून जपून ठेवल्या आहेत.