जंतूंचा शत्रू शोधणारे फेलिक्स देरेल

मी इयत्ता चौथीत शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत मी सांताक्रूझला मामाकडे गेलो होतो. आजी तिथेच असते. तिच्या पायाला जखम झाली आहे, ती काही केल्या भरत नाही. जखमेतल्या जंतूंना औषधाची सवय झाली आहे, असे डॉक्टरांनी मामाला सांगितले. मला फार वाईट वाटलं. मामाची मुलगी, म्हणजे माझी ताई, कॉलेजात जंतूंचा अभ्यास करते. तिने मला देरेल यांची माहिती सांगितली. ती मी लिहीत आहे.

फेलिक्स देरेल यांचा जन्म १८७३ साली झाला. ते बरेचसे शास्त्र स्वतःच वाचून शिकले. मेक्सिको व अर्जेंटिना या देशांत त्यांनी टोळांना आजारी पाडणारे जंतू सोडून टोळधाड घालवायचा प्रयत्न केला. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. सैनिकांना रक्ताची आव लागली. देरेल यांनी आजाऱ्याची शी तपासायला घेतली. (हसू नका!) ती पातळ करून चिनी मातीच्या बारीक गाळणीतून गाळली. त्या गाळणीतून जंतू जात नाहीत. खाली आलेले पाणी त्यांनी जंतूंनी गढूळ झालेल्या रसात टाकले. सकाळी बघतात तर काय, रस नितळ! सगळे जंतू विरघळले होते. दवाखान्यात त्या आजाऱ्यालाही उतार पडला होता. १९१७ साली त्यांनी हा शोध जाहीर केला व त्याला बॅक्टेरिओफाज नाव दिले, म्हणजे जंतू खाणारा. पण तो खरा खात नाही. जंतूच्या आत शिरून तो वाढतो आणि जंतू फुटतो.

१९१९ मध्ये आव झालेल्या बारा वर्षांच्या मुलाला त्यांनी फाज पाजला. त्याआधी ते स्वतः प्याले! मुलगा बरा झाला. १९२५ मध्ये इजिप्तमध्ये प्लेगचे चार रोगी बरे झाले. म्हणून त्यांना आपल्या परळच्या हाफकिन संस्थेत बोलावले. मामाने मला तिचे फाटक दाखवले. १९२७ साली पंजाबात पटकीची साथ होती, तिथेही त्यांनी काम केले. पुढे पेनिसिलिन आले आणि बऱ्याच देशांत लोक फाज विसरले. १९४९ साली देरेल वारले.

फाज मातीतही असतो. ताईने झाडाखालची माती पाण्यात ढवळून गाळली. काचेच्या बशीत जंतूंचा थर होता, त्यात ते पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी थरात स्वच्छ ठिपके पडले. तिथले जंतू मेले होते. एक ठिपका उचलून ती फाज वाढवते आणि तो कोणते जंतू मारतो ते बघते. एक फाज सगळ्या जंतूंना चालत नाही.

मग आजीला हाच द्या, असा मी हट्ट धरला. ताई म्हणाली की आजीच्याच जंतूंना मारणारा फाज सापडायला हवा, आणि तो तपासल्याशिवाय कुणाला देता येत नाही. मी गोठ्यामागची माती डब्यात भरून ठेवली. बाबा हसले, पण सांताक्रूझला जाताना डबा घेऊन गेले.