आडवाटेचे इतिहासाचार्य

खानदेशची ओळख बहुतेकांना गाडीच्या काचेतून होते. आग्रा रस्त्याने जाणारा प्रवासी धुळ्याला चहापुरता उतरतो, भुसावळकडे निघालेला जळगावच्या फलाटावर केळी घेतो आणि दोघेही इथल्या उन्हाला नावे ठेवत पुढे जातात. त्यांचे चुकते असे नाही. हा मुलूख घाईत असलेल्या माणसाला आपले काही दाखवतच नाही.

मी बँकेच्या नोकरीत धुळे आणि जळगाव या जिल्ह्यांत काही वर्षे काढली. कर्जदारांच्या विहिरी, इंजिने, बैलजोड्या पाहून येणे हे कामच होते. आठवडाभर बँकेची जीप असे. रविवारी मात्र मी माझी काळी, बिनगिअरची सायकल काढी. कॅरियरला पंप, पिशवीत पाना, सोल्यूशनची ट्यूब, रबराचे तुकडे आणि फडक्यात कळण्याची भाकरी व ठेचा. बाभळीचे काटे रस्त्यावर कधी भेटतील याचा नेम नसे. हमरस्ता सोडून साक्रीकडच्या, चाळीसगावकडच्या आडरस्त्यांना लागले की तासातासात एखादी बैलगाडी, एखादी एस.टी. भेटे, बाकी शांतता.

सायकलवाल्याला भूगोल मांड्यांनी कळतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त रस बाहेर आला, थरावर थर साचले आणि त्यातून आपले दख्खनचे पठार झाले, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेले असते. धुळे-नंदुरबारच्या बाजूला त्या भेगांत थिजलेला दगड आजही उभा आहे. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि मधला टणक दगड लांबच लांब काळ्या भिंतीसारखा राहिला. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला डाईक म्हणतात. अशा भिंती मैलोन् मैल जातात आणि रस्ता एखाद्या खिंडीतून त्या ओलांडतो. मोटारीला हा चढ जाणवत नाही. सायकलवाला उतरतो, हातात सायकल धरून चालू लागतो आणि मग त्याला ती भिंत दिसते.

अशा चढांवर मला ज्यांची हटकून आठवण होई ते इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. त्यांचे वाहन सायकल नव्हते. ते हिंडू लागले तेव्हा सायकल आपल्याकडे आलेली होती; बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकानही थाटले होते. पण राजवाड्यांचा भरवसा पायांवर. आगगाडी जिथे सोडी तिथून त्यांचा खरा प्रवास सुरू होई.

त्यांचा जन्म १८६३चा. वडील लहानपणीच गेले आणि पुण्याजवळच्या वडगावात नातलगांकडे ते वाढले. डेक्कन कॉलेजातून पदवी घेतली, थोडा काळ शिक्षकी केली; पण नोकरी हा त्यांचा पिंडच नव्हता. जगातले उत्तम ग्रंथ मराठीत यावेत म्हणून त्यांनी 'भाषांतर' नावाचे मासिक काढले. पत्नी तरुणपणीच वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही आयुष्यभर मराठीतच लिहायचे, हा निश्चय त्यांनी पाळला. विद्वत्तेचा बाजार जिथे भरत होता तिकडे पाठ फिरवून बसण्यासारखेच हे होते आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

पुढे वाईला त्यांच्या हाती जुन्या पत्रांचा साठा लागला आणि आयुष्याची दिशा ठरली. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे होती. बखरीत ऐकलेले पानिपत आता त्या काळच्या माणसांच्या पत्रांतून, तारीखवार वाचता येऊ लागले. या मालेचे पुढे बावीस खंड झाले.

बावीस हा आकडा लिहायला सोपा आहे. एका खंडामागे किती वाडे, किती मठ, किती माळे असतील याचा हिशेब करून पाहावा. जुनी कागदपत्रे घरोघर कापडी रुमालांत बांधून ठेवलेली असत. मोडी वाचणारी पिढी सरत चालली होती. कागद वाळवी खात होती, पाऊस कुजवत होता, कुणी बंबात घालत होते, कुणी वाण्याला पुड्या बांधायला रद्दीच्या भावाने देत होते. म्हणजे पायी चालणाऱ्या या माणसाची शर्यत होती ती वाळवीशी आणि वाण्याच्या तराजूशी.

त्यातून लोक कागद दाखवायला तयार नसत. त्याला कारण होते. १८५२ साली इंग्रज सरकारने इनाम कमिशन नेमले, सनदा तपासल्या आणि ज्यांचे कागद पटले नाहीत त्यांची इनामे खालसा केली. कागद बघायला आलेला परका माणूस जमिनीवर उठतो, ही धास्ती घराघरांत मुरली होती. बँकेच्या नोकरीत ती मला ओळखीची झाली. दाराशी जीप उभी राहिली की घरातला कर्ता शेतावर गेलेला असे आणि सातबारा कुठे ठेवला ते कुणाला आठवत नसे. रविवारी त्याच दाराशी घामाघूम होऊन सायकल टेकवली की आधी पाण्याचा तांब्या येई, मग चहा, आणि तासाभराने पत्र्याची पेटी आपणहून उघडे. कागद तेच, घर तेच. फरक येण्याच्या रीतीत होता.

राजवाड्यांच्या पायपिटीचे मर्म मला इथे सापडते. ते गरिबीमुळे चालले असतील, हट्टाने चालले असतील. पण चालत आलेला माणूस दारात उभा राहतो तेव्हा त्याच्या अंगावर सत्ता नसते. तो सवडीने आलेला असतो. मुक्काम करतो, स्वतःचे अन्न स्वतः शिजवतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो. रुमालाची गाठ अशा माणसापुढे सुटते. वाटेत त्याच्या कानावर शब्द पडतात, गावांची नावे पडतात. राजवाड्यांनी शब्दांच्या व्युत्पत्तीवर, धातूंवर, गावांच्या नावांवर जे अपार काम केले, ते नुसत्या ग्रंथालयात बसून झाले नसते.

माणूस मात्र सोपा नव्हता. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले त्यात त्यांचा पुढाकार, आणि पुढे मतभेद होऊन मंडळ सोडणारेही तेच. राग नाकावर असे. जातीच्या अभिमानाने त्यांच्या कित्येक निष्कर्षांना बाक आणला, संतांविषयी ते अनुदार लिहून गेले. नंतरच्या अभ्यासकांनी त्यांची बरीच मते खोडून काढली आहेत. ते योग्यच झाले. पण गंमत अशी, की त्यांना खोडून काढतानाही आधार घ्यावा लागतो तो त्यांनीच वाचवलेल्या कागदांचा. मते जुनी होतात, कागद उरतो.

उतारवयात ते धुळ्याला आले. पुण्याच्या मानाने धुळे आडगावच. पण इथे कागदांची कदर करणारी माणसे होती. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली होती आणि ते समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मठामठांतून गोळा करीत होते. भास्कर वामन भटांसारखे वकील-संशोधक होते. 'राधामाधवविलासचंपू' आणि 'महिकावतीची बखर' हे राजवाड्यांचे गाजलेले संपादित ग्रंथ याच अखेरच्या पर्वातले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. मागे ना घर, ना पैसा; कागदांचे ढीग, टिपणे आणि अर्धवट कोश तेवढे राहिले. पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभे केले आणि त्यांचा धातुकोश व व्युत्पत्तिकोश पुढे प्रसिद्ध केला. मुलाने बापाचे कर्ज फेडावे तसे एका गावाने हे काम केले, असे मला वाटते.

आता जमाना बदलला. हमरस्ते चौपदरी झाले, १९९८ साली नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. तरी आडरस्ते अजून आहेत. धुळ्याहून निघालेल्याला लळिंगचा किल्ला आहे, साक्री तालुक्यात बळसाण्याची जुनी देवळे आहेत. चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांच्या मठाचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख मिळाला. त्यातला काही भाग चक्क जुन्या मराठीत आहे. डोंगराने लाव्हाच्या काळ्या दगडात आपली हकिकत जपली, माणसांनी तोच दगड कोरून स्वतःची.

जुन्या घरांच्या माळ्यांवर रुमालही अजून असतील. घर पाडून इमारत बांधताना ते बहुधा मलब्याबरोबर जातात. तुमच्या घरी असा एखादा गाठोड्यातला वारसा असेल तर तो रद्दीत घालण्याआधी मोडी जाणणाऱ्या कुणाला तरी दाखवा. आणि घरात कॉलेजात जाणारी मुले असतील, तर थंडीतल्या एखाद्या रविवारी त्यांना सायकली घेऊन आडरस्त्याला लावा. सोबत पाण्याची बाटली आणि पंक्चरचे सामान द्या. परत कधी येणार, हे मात्र विचारू नका.