विश्वकोशाचे डोंगर, खडूच्या नद्या

टेबलटॉप वॉरगेमिंगचं वेड लागलं की पहिला फटका खिशाला बसतो. छोटे सैनिक, त्यांच्यासाठी तयार डोंगर, पूल, पडकी घरं... किमती बघितल्या की पॉकेटमनी आठवतो आणि आपण गुपचूप टॅब बंद करतो. पण या छंदाचं सुरुवातीचं गाजलेलं नियमपुस्तक ज्याने लिहिलं, त्याची रणभूमी घरातल्या सामानातूनच उभी राहिली होती. तो लेखक म्हणजे एच. जी. वेल्स. हो, 'द टाइम मशीन' आणि 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'वाला वेल्स!

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी लंडनजवळच्या ब्रॉम्लीत झाला. वडील जोसेफ यांचं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान होतं, तिथेच क्रिकेटचं सामानही मिळायचं. दुकान जेमतेम चालायचं. जोसेफ केंटकडून पैसे घेऊन क्रिकेट खेळायचे, त्याचा घराला आधार होता. १८६२ मध्ये ससेक्सविरुद्ध त्यांनी चार चेंडूंत चार विकेट घेतल्या होत्या. पण १८७७ मध्ये त्यांच्या मांडीचं हाड मोडलं आणि ती कमाई थांबली. आई सारा एका जमीनदाराच्या वाड्यावर घरव्यवस्थापक म्हणून राहायला गेली. मुलगा कापडाच्या दुकानात उमेदवारीला लागला.

ते काम त्याला अजिबात मानवलं नाही. दिवसाचे तेरा तास राबायचं आणि दुकानाच्याच वसतिगृहात झोपायचं. १८८३ मध्ये त्याने आईला कसंबसं राजी करून ते सोडलं. पुढच्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनला विज्ञान शिकायला गेला. तिथे टी. एच. हक्सले त्याला शिकवायला होते.

पुस्तकांची गोडी मात्र त्याआधीच लागली होती. १८७४ मध्ये पाय मोडून तो अंथरुणाला खिळला, तेव्हा वडील त्याला पुस्तकं आणून द्यायचे. लढायांचं वेडही लहानपणचंच. ब्रॉम्लीच्या आसपासच्या टेकड्यांवर फिरताना हा पोरगा मनातल्या मनात सैन्यं हलवायचा. हे त्याने स्वतःच १९३४ च्या आत्मचरित्रात सांगितलं आहे.

१८९५ मध्ये 'द टाइम मशीन' आलं आणि दिवस पालटले. जिप आणि फ्रँक ही मुलं मोठी होऊ लागली तोवर वेल्स नामांकित, खाऊनपिऊन सुखी लेखक झाला होता. हवी ती खेळणी विकत घेणं त्याला सहज जमलं असतं. तरी १९११ च्या 'फ्लोअर गेम्स'मध्ये त्याचा भर होता तो जमीन, लाकडी विटा, फळ्या आणि सैनिकांवर. जमीन कशी हवी, तर सैनिक सरळ उभे राहतील आणि खडूच्या रेघा उमटतील अशी. बस्स!

सैनिकही परवडणारे होते. ब्रिटन्स कंपनीने १८९३ पासून आतून पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली. शिसं कमी लागायचं, त्यामुळे भरीव जर्मन सैनिकांपेक्षा ते स्वस्त पडायचे. सोबत स्प्रिंगवर चालणारी तोफ मिळायची. ती लाकडाची छोटी गोळी फेकायची आणि नऊ यार्डांवरून सैनिक आडवा करायची. एकदा जेवणानंतर एक मित्र या तोफेने सैनिकांवर नेम धरत बसला आणि तिथून खेळाला तोंड फुटलं. वेल्सने त्याची फक्त आद्याक्षरं दिली आहेत, पण तो विनोदी लेखक जेरोम के. जेरोमच असावा असं मानलं जातं.

मग लढायला मुलूख हवा. पहिल्या लढाईत ब्रिटिश एन्सायक्लोपीडियाचे जाडजूड खंडच गालिच्यावर मांडले गेले. पुढे सुधारणा होत गेल्या. फळ्यांवर फळ्या रचून टेकड्या, खडूने नद्या आणि रस्ते, बागेतल्या डहाळ्यांची झाडं, विटांची आणि पुठ्ठ्याची घरं. दिवाळीच्या किल्ल्यासाठी विटा आणि पोती गोळा केलेल्यांना ही गंमत वेगळी सांगायला नको.

हा मुलूख फक्त शोभेचा नव्हता. या खेळात तोफेच्या नेमासाठी फासे नव्हते. गोळी लागून सैनिक पडला तर मेला, नाही पडला तर जिवंत. म्हणजे विटेच्या आड उभा केलेला सैनिक खरोखरच वाचायचा. आपण ठेवलेली प्रत्येक वस्तू डाव फिरवू शकायची.

१९१३ मध्ये हे सगळं 'लिटल वॉर्स' या पुस्तकात आलं. नियम साधे, सामान घरचंच. पायदळाने एका चालीत एक फूट जायचं, घोडदळाने दोन. अंतर मोजायला दोरीचा तुकडा. सैन्य मांडताना समोरच्याला दिसू नये म्हणून मध्ये पडदा. आणि माझा सगळ्यात आवडता नियम म्हणजे, मुलूख एकाने मांडायचा आणि कोणत्या बाजूने लढायचं ते दुसऱ्याने निवडायचं. मग कोण कशाला स्वतःसाठी सोयीची टेकडी रचेल?

पुस्तकाच्या शेवटी वेल्स गंभीर होतो. त्याचं म्हणणं असं की युद्धाची खुमखुमी असलेल्यांनी ती अशीच जमिनीवर भागवावी, इथे कुणाचं घर जळत नाही. त्याच्याशी खेळायला बसलेले लष्करी अधिकारीसुद्धा साध्या नियमांत गोंधळायचे. मग लाखो जिवंत माणसं हलवताना काय होत असेल, हा त्याचा सवाल होता.

तो सवाल फार काळ कागदावर राहिला नाही. जुलै १९१४ मध्ये जिप तेरा वर्षांचा झाला आणि ऑगस्टमध्ये ब्रिटन महायुद्धात उतरलं. तेव्हा वेल्सनेही युद्धाची बाजू घेतली. हे युद्ध युद्धांचाच शेवट करेल, असं तो लिहू लागला. तसं झालं नाही. १९१४ मध्येच आलेल्या 'द वर्ल्ड सेट फ्री' या कादंबरीत त्याने अणुबॉम्बची कल्पना मांडली होती, हिरोशिमाच्या एकतीस वर्षं आधी. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, तो माणसाच्या हक्कांवर लिहीत होता. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमध्ये त्याचं निधन झालं. हिरोशिमाला तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं.

'लिटल वॉर्स' आजही वाचलं जातं, त्यावरून आजही डाव मांडले जातात. तुम्हालाही मांडायचा असेल तर रिकामी खोकी, जुनी पुस्तकं आणि एक खडू पुरे. खेळ संपला की पडलेले सगळे सैनिक उचलून पुन्हा डब्यात ठेवता येतात. वेल्सचं सगळं म्हणणं तेवढ्याचसाठी होतं.