चित्रकार वासुदेव गायतोंडे

चित्रांच्या प्रदर्शनात शिरलेला मनुष्य एखाद्या चित्रापुढे थांबला, म्हणजे त्याच्या मनात प्रथम एकच प्रश्न उभा राहतो: हे चित्र कशाचे आहे? चित्र आंब्याचे, घोड्याचे किंवा एखाद्या राज्याभिषेकाचे असले, तर या प्रश्नाचे उत्तर मिळते आणि तो समाधानाने पुढे सरकतो. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांपुढे मात्र हा प्रश्न चालत नाही. तेथे मनुष्य दिसत नाही, झाड दिसत नाही, घरही दिसत नाही. धुक्यातून उजेड झिरपावा तसा एकाच रंगाच्या अनेक छटांचा विस्तार तेवढा दिसतो आणि त्यात कोठे कोठे काही खुणा तरंगत असतात. अशा चित्रांसाठी गायतोंडे यांनी आपले सारे आयुष्य वेचले.

त्यांचे घराणे मूळचे गोव्याचे. जन्म 2 नोव्हेंबर 1924 रोजी नागपूर येथे झाला; पण ते वाढले मुंबईत, गिरगावातील एका चाळीत. वडील छापखान्यात नोकरीस होते. त्या काळी मुलाने चित्रकला शिकणे म्हणजे पोटाची चिंता आपण होऊन ओढवून घेणे, असेच बहुतेक घरांत मानले जाई. तरीही वासुदेव सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले आणि 1948 मध्ये तेथील पदविका घेऊन बाहेर पडले.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि चित्रकलेतही नव्या वाटा शोधण्याची हुरूप तरुणांत होती. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार बाकरे या सहा जणांनी 1947 मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला होता. थोड्याच काळात गायतोंडेही त्यांच्यात सामील झाले. मात्र मंडळींत राहूनही ते मंडळींतले नव्हते. चर्चेत ते थोडे बोलत, आणि चित्रकलेविषयी गटाचे मत काय आहे यापेक्षा आपल्या स्वतःच्या हाताला काय उमगते आहे, याकडे त्यांचे लक्ष अधिक असे.

आरंभीच्या त्यांच्या चित्रांत माणसांच्या आकृती होत्या. जुन्या भारतीय लघुचित्रांतील ठसठशीत रेषा आणि सपाट, तेजस्वी रंग त्यांनी बारकाईने अभ्यासले होते. पुढे पॉल क्ले या स्विस चित्रकाराच्या कामाने त्यांचे मन वेधून घेतले. हळूहळू आकृती विरघळू लागल्या; माणसांच्या जागी चिन्हे आली आणि मग चिन्हेही विरळ झाली. 1957 मध्ये टोकियो येथे भरलेल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. आकृतीचा आधार त्यांनी याच सुमारास सोडला आणि तो पुन्हा कधी घेतला नाही.

अशा चित्रांना सामान्यतः अमूर्त म्हणतात. गायतोंडे यांना तो शब्द मान्य नव्हता. एखादी वस्तू घ्यावी, तिचा आकार पुसत न्यावा आणि उरेल त्याला अमूर्त म्हणावे, असा त्या शब्दाचा अर्थ होतो. त्यांच्या चित्राचा आरंभ वस्तूपासून होतच नसे; म्हणून ते आपल्या चित्रांना वस्तुनिरपेक्ष म्हणत. हा भेद प्रथम कठीण वाटतो. परंतु गवई तंबोऱ्याच्या साथीने आलाप घेऊ लागला, म्हणजे हा आलाप कशाचा, असे कोणी विचारीत नाही. सातपुड्यातील अक्राणीच्या पाड्यांपासून कोकणातील वाड्यांपर्यंत घरची जमीन सारवणाऱ्या हाताच्या फेऱ्या जमिनीवर अर्धवर्तुळे उमटवीत जातात. ती कशाचीही आकृती नसतात, तरी त्यांकडे पाहून डोळा निवतो. डोळ्याला अर्थाविना मिळणारे हे सुखच गायतोंडे यांनी चित्राचा विषय केले.

मुंबईत समुद्रकाठी भुलाभाई देसाई यांच्या नावाची एक संस्था होती. पंडित रविशंकर यांची संगीतशाळा आणि इब्राहिम अल्काझी यांचे नाट्यपथक तेथेच होते, आणि काही चित्रकारांना तेथे कामासाठी जागा मिळे. गायतोंडे तेथे काम करीत. समुद्राकडे ते तासन्‌तास पाहत बसत. पाहणाऱ्याला तो आळस वाटला असता! पण त्यांच्या कामाचा मोठा भाग हातात काही न धरताच पार पडत असे. झेन पंथाच्या विचारांचे त्यांना आकर्षण होते आणि मौनातूनच काही उपजते, अशी त्यांची श्रद्धा होती. वर्षाकाठी त्यांच्या हातून जेमतेम पाच-सहा चित्रे पूर्ण होत. चित्रांच्या विक्रीवर ज्याचा निर्वाह चालतो, त्याने इतकी थोडी चित्रे काढावी याची किंमत काय असते, हे सांगावयास नको.

1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कला गेले. तेथील चित्रकारांची रंगांनी भरलेली प्रचंड चित्रे त्यांनी पाहिली आणि पुढच्या वर्षी ते परतले. कुंचल्याची जागा आता पुष्कळदा रूळ आणि पाते यांनी घेतली. रंगाचा एक पातळ थर द्यावा, तो वाळू द्यावा, त्यावर दुसरा द्यावा, पात्याने काही भाग खरवडून खालचा रंग वर आणावा. कधी वर्तमानपत्रांचे फाडलेले तुकडे रंगात बुडवून कापडावर दाबावे आणि उचलून घ्यावे, म्हणजे मागे अनपेक्षित ठसे राहत. पण कोणता ठसा ठेवावा आणि कोणता पुसावा, हे मात्र योगायोगावर सोडलेले नसे. 1968 पासून त्यांनी आडवी चित्रे काढणे थांबविले आणि केवळ उभीच चित्रे काढली.

1971 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पुढच्याच वर्षी ते दिल्लीस गेले आणि निजामुद्दीन भागात गच्चीवरील एका लहानशा जागेत राहू लागले. लग्न केले नव्हते. गरजा थोड्या होत्या. पुस्तके, संगीत आणि चित्रफलक एवढाच त्यांचा संसार. समारंभ आणि मुलाखती ते टाळीत. हे एकटेपण कित्येकांना अहंकारासारखे वाटे. ते अगदी निराधार होते, असेही म्हणता येत नाही. कारण आपल्या कामाची योग्यता गायतोंडे पुरेपूर जाणून होते.

1984 मध्ये दिल्लीत त्यांना गंभीर अपघात झाला. मोठ्या कापडापुढे उभे राहून रूळ फिरविणे शरीराला झेपेना. साठीच्या उंबरठ्यावर चित्रकाराचे हातच असे अडून पडावे, ही आपत्ती लहान नव्हती. काही वर्षे मोठी चित्रे थांबली. त्या काळात त्यांनी लहान कागदांवर शाईने काम केले; हाताला जेवढे जमे तेवढ्याच रेषा काढल्या आणि त्यांतून पुन्हा रंगांकडे येण्याची वाट शोधली. काही काळाने ते तैलरंगांकडे परतले. 1995 मध्ये सुनील काळदाते यांनी त्यांच्यावर एक चित्रपट केला; त्यामुळे एरवी कॅमेऱ्यापासून दूर राहणाऱ्या या मौनप्रिय माणसाचे दर्शन पुढील पिढ्यांसाठी राहिले. अखेरच्या वर्षांत त्यांनी काम थांबविले. भेटीस येणाऱ्यांना ते सांगत की, चित्रे अजूनही होत आहेत, पण मनात. ती कापडावर उतरविण्यात शक्ती खर्चावी असे आता वाटत नाही.

10 ऑगस्ट 2001 रोजी त्यांचे निधन झाले. 2013 च्या डिसेंबरात मुंबईत झालेल्या एका लिलावात त्यांचे एक चित्र तेवीस कोटी रुपयांहून अधिक किमतीस गेले. हा पैसा त्यांना दिसला नाही, आणि दिसता तरी त्यांची राहणी फारशी बदलली असती असे वाटत नाही. 24 ऑक्टोबर 2014 पासून न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले आणि नंतर ते इटलीतील व्हेनिस शहरी नेण्यात आले. बहुतेक चित्रांना नावे नव्हती. आपली सही गायतोंडे बहुधा चित्राच्या पाठीमागे करीत, आणि पुष्कळदा ती देवनागरीत असे.