कर्णविद्येचे आचार्य डॉ. रॉबर्ट बारानी

फुगडी घालून थांबल्यावर सारे अंगण आपल्याभोवती फिरू लागते, हा अनुभव आमच्या बालवाचकांस नवा नाही. प्राणहितेत डुंबताना कानात गार पाणी शिरले असता क्षणभर गरगरते, हेही अहेरीच्या पुष्कळ मुलांस ठाऊक असेल. पाय थांबले तरी जग का फिरते, आणि कानातील पाण्याचा तोल जाण्याशी संबंध काय? ह्या प्रश्नांचे उत्तर ज्यांनी आपल्या रोग्यांच्या तक्रारींतून शोधून काढले, त्या थोर वैद्याचे चरित्र येथे थोडक्यात सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

रॉबर्ट बारानी ह्यांचा जन्म ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे दि. २२ एप्रिल १८७६ रोजी झाला. सहा भावंडांत ते सर्वांत वडील होते. बालपणीच त्यांस हाडांचा क्षय जडला व त्यामुळे एक गुडघा कायमचा ताठरला. तथापि ह्या व्यंगाने ते खचले नाहीत. पुढे डोंगर चढण्याची व टेनिस खेळण्याची हौस त्यांनी त्याच पायाने पुरविली. १९०० साली वैद्यकाची पदवी मिळवून त्यांनी काही काळ जर्मनीतील रुग्णालयांत अनुभव घेतला, आणि १९०३ साली ते व्हिएन्ना येथील प्राध्यापक पोलिट्झर ह्यांच्या कर्णचिकित्सालयात रुजू झाले.

त्यांचा शोध समजण्यासाठी कानाची रचना थोडी ध्यानात घेतली पाहिजे. ध्वनीच्या लहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागे हातोडा, ऐरण व रिकीब अशा आकारांची तीन चिमुकली हाडे आहेत. ती हा कंप आत शंखासारख्या वळणदार पोकळीतील द्रवास पोहोचवितात, आणि तेथील सूक्ष्म केसांपासून निघालेला संदेश मज्जातंतूवाटे मेंदूस मिळतो. हे झाले श्रवण. परंतु त्या शंखाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका तीन निरनिराळ्या दिशांस बसविलेल्या आहेत. त्यांतही द्रव असतो. पाण्याने भरलेली परात एकदम फिरविली असता पाणी मागे रेंगाळते, आणि परात थांबविली तरी पाणी फिरतच राहते. नलिकांतील द्रवाचेही तसेच आहे. फुगडी थांबते, द्रव थांबत नाही, आणि मेंदूस वाटते की आपण अजून फिरतच आहोत.

नलिकांचे हे कार्य पूर्वीच्या विद्वानांनी बरेचसे ओळखले होते. परंतु जिवंत मनुष्याच्या कवटीत खोल दडलेले हे इंद्रिय तपासावयाचे कसे, ही अडचण होती. बारानी रोग्यांचे कान पिचकारीने धूत, तेव्हा काहींस घेरी येई व त्यांची बुबुळे एकीकडे हळू सरकून दुसरीकडे झटक्याने परतत. एका रोग्याने सांगितले की पाणी पुरेसे ऊन नसले म्हणजेच आपणास चक्कर येते. पुढच्या खेपेस पाणी फार कढत वापरले गेले; तेव्हाही त्यास चक्कर आली, परंतु बुबुळे उलट दिशेस हलत होती. बारानी ह्यांनी हे तत्काळ टिपले. बंबातील तापलेले पाणी वर चढते व गार पाणी खाली उतरते, त्याच न्यायाने कानातील द्रवही उष्णतेने व गारव्याने हलत असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले आणि रोग्याच्या डोक्याची स्थिती बदलून ते पडताळून पाहिले.

हा शोध केवळ कुतूहलाचा नव्हता. कान फुटून वाहू लागला व पू आतवर पसरला, तर तो मेंदूपर्यंत जाऊन प्राण घेऊ शकतो. ऊन किंवा गार पाणी घालूनही बुबुळे हलली नाहीत, तर त्या बाजूचे तोलाचे इंद्रिय निकामी झाले, असे आता कापाकापी न करता ओळखता येऊ लागले.

पुढे महायुद्ध पेटले. ऑस्ट्रियाच्या सैन्यात शस्त्रवैद्य म्हणून गेलेले बारानी १९१५ साली शेमिशल किल्ला पडताच रशियनांच्या हाती सापडले. मध्य आशियातील मर्व्ह येथे त्यांस ठेवण्यात आले. तेथे हिवतापाने पीडिले असताही त्यांनी रुग्णसेवा सोडली नाही. त्याच बंदिवासात १९१४ सालचे नोबेल पारितोषिक आपणास मिळाल्याची वार्ता त्यांस समजली. स्वीडनचे राजपुत्र कार्ल ह्यांच्या मध्यस्थीने १९१६ साली त्यांची सुटका झाली. परंतु मायदेशी काही सहकाऱ्यांनी, इतरांच्या श्रमाचे श्रेय त्यांनी दिले नाही, असा आरोप केला. अखेर ते स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात गेले व दि. ८ एप्रिल १९३६ रोजी तेथेच निवर्तले.

विद्या मात्र पुढे चालतच राहते. १९८३ साली अंतराळयानात, जेथे ऊन द्रव वर चढत नाही, तेथेही ही परीक्षा केली असता बुबुळे हललीच! म्हणजे बारानींचे स्पष्टीकरण अपुरे होते. त्यांची परीक्षा मात्र आजही जगभर उपयोगात आहे.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, मूल घेरीची तक्रार करील तर ते सोंग किंवा बाहेरची बाधा समजू नये. कान वाहत असेल तर त्यात तेल किंवा काडी न घालता त्यास वैद्याकडे न्यावे. विद्यार्थ्यांनी हे ध्यानात धरावे की, पिचकारीने घेरी आलेले रोगी अनेक वैद्यांनी पाहिले होते; रोग्याचे साधे गाऱ्हाणे बारानींनी मनावर घेतले. परमेश्वराने दिलेल्या कानांचा ह्याहून चांगला उपयोग आम्हांस तरी ठाऊक नाही.